पक्षाच्या सेवा केंद्राचं आवक बुक मी उघडून बघितलं

फोंड्याच्या वरच्या बाजारात एका राजकीय पक्षाने ‘नागरिक सेवा केंद्र’ उघडलंय. लोक हॉटेलांवर लिहितात, मिक्सरवर लिहितात, केस कापणाऱ्यालासुद्धा दोन ओळी लिहून तारे देतात. ज्यांच्या हाती पाच वर्षांसाठी आपला रस्ता, पाणी, शाळा आणि दवाखाना सोपवायचा, त्यांच्या काउंटरवर माणसाला कसं वागवतात हे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हे परीक्षण.

पक्षाचं नाव देणार नाही. एकेकाळी जोर होता, मग हरला, निवडून आलेल्यांतले काही दुसरीकडे गेले, आणि आता २०२७ची विधानसभा तोंडावर आल्यावर लोकांचा विश्वास परत मिळवायला निघालाय. एवढ्यावरून ओळखायला जाल तर फसाल. गोव्यात हे वर्णन एकाहून जास्त पक्षांना चपखल बसतं.

मी सावईवेऱ्याची. नोकरीची सगळी वर्षं फोंडा तालुक्यातल्या पंचायतींत कारकुनी केली. घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, ग्रामसभेची इतिवृत्तं लिहिली, रहिवासी दाखले दिले आणि सगळ्या रंगांचे आमदार जवळून पाहिले. त्यामुळे कुठल्याही कचेरीत गेले की नेत्याच्या फोटोकडे माझं लक्ष जात नाही, आवक-जावक बुक कुठे ठेवलंय ते मी शोधते.

गेले ते धाकट्या जावेसाठी. ती विधवा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० रुपये तिच्या खात्यात यायचे, ते अचानक थांबले. दोन हजार कुणाला किरकोळ वाटतील, पण तिची रक्तदाबाची औषधं आणि गॅसचा सिलिंडर त्यातूनच निघतो. दोन-तीन ठिकाणी विचारून झालं. जो भेटला त्याने ‘फाल्यां (उद्या) या’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी शेजारच्या पोराने सांगितलं, पक्षाचं नवं केंद्र उघडलंय, तिथे ऐकून तरी घेतात. जाऊ एकटी जायला बिचकत होती आणि मला ते केंद्र बघायचंच होतं.

पहिली तक्रार जिन्याची. केंद्र पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद, पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला. खाली बाजारात माणसं पिशव्या घेऊन उभी आणि वर जायचं तर गुडघे धरून. दयानंद योजनेचे लाभार्थी कोण? म्हातारी माणसं, विधवा, अपंग. त्यांच्यासाठी उघडलेलं केंद्र वर चढवून ठेवलं, म्हणजे आपला मतदार चालतो कसा हेच पक्षाने बघितलेलं नाही. भाडं कमी पडतं, असं कारण मला देण्यात आलं. असेल. पण प्रचाराच्या वेळी मैदानावर मांडव घालायला यांना भाडं जड जात नाही. एक तारा मी जिन्यावरच काढून घेतला.

वर पोचल्यावर भिंतभर फोटो. मोठ्या नेत्याचा मोठा, मधल्याचा मध्यम, तालुक्यातल्यांचे पासपोर्टपेक्षा थोडे बरे. पक्षात कोण कुणाच्या वर बसतो ते त्या भिंतीवरून नीट कळतं, शौचालय कुठे आहे ते मात्र विचारावं लागतं.

टेबलापाशी एक मुलगी होती, पंचविशीच्या आतबाहेरची. गळ्यात पक्षाचा पट्टा नाही. “काकी, बसा,” म्हणाली, आणि पुढचा प्रश्न “काय झालं?” हा होता. एवढ्यात काय मोठंसं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पक्षाच्या कचेरीत गेलेल्या कुणालाही विचारा, तिथला पहिला प्रश्न “कुठल्या बूथचे?” हा असतो. मतदार यादीत बोट फिरतं, घरात मतं किती ते मोजलं जातं आणि मग काम ऐकायचं की नाही ते ठरतं. या मुलीने जावेचं पासबुक घेतलं, शेवटच्या नोंदीवर नखाने खूण केली आणि विचारलं, “हयातीचा दाखला दिला होता का?” दिला नव्हता. त्या दिवसांत जाऊ आजारी होती, मुलाकडे मडगावला राहिली, आणि दरवर्षी तो द्यावा लागतो हे तिच्या ध्यानातूनच गेलं. मुलीने फॉर्म काढला, सही कुणाची लागेल, कुठे द्यायचा, पोच कशी मागायची ते सांगितलं. जाऊ सवयीने म्हणाली, “साहेबांचा एक फोन झाला असता तर...” त्यावर मुलगी म्हणाली, “काकी, फोन कशाला? नियमात बसतंय, तुमचं काम तुम्हीच करू शकता. नाही झालं तर परत या.”

इथे मला थांबून थोडं लिहायचंय. पंचायतीत ‘साहेबांचा फोन’ ही एक वेगळीच यंत्रणा होती. रहिवासी दाखला नियमाने मिळतोच. पण माणूस आधी आमदाराकडे जायचा, आमदाराचा पीए आम्हाला फोन करायचा आणि आम्ही तोच दाखला जरा लवकर द्यायचो. माणसाला वाटायचं, साहेबांनी दिला. साहेबांनाही हळूहळू तसंच वाटायला लागायचं. हक्काच्या वस्तूचा असा प्रसाद करून वाटायचा धंदा सगळ्याच पक्षांनी केला आणि त्यात आम्ही कारकूनही सामील होतो. पण तो चालतो सत्ता असेपर्यंत. सत्ता गेली की फोन कुणी उचलत नाही. मग हरलेल्याच्या दारात माणूस कशाला जाईल? निकाल लागल्यावर पक्षाची कचेरी ओस पडते ती यामुळे, विचारधारा वगैरे नंतरच्या गोष्टी. या केंद्राने नाइलाजाने म्हणा, अकलेने म्हणा, फोनचा रस्ता बंद केलाय. त्यांच्या हातात सत्ता नाही, माहिती मात्र आहे, आणि ती ते देतात. गोव्यात २०१३पासून ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत मिळायला हवा ते त्यात ठरवून दिलेलं असतं. हे फोंड्याच्या बाजारात किती जणांना माहीत असेल? इथे त्या मुदतींचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. मला विचाराल तर तो भिंतीवर हवा होता आणि फोटो काचेखाली.

आता बुक. लाल कापडी पुठ्ठ्याचं, लांबट, आमच्या पंचायतीत असायचं तसलंच. मी म्हटलं, मला बघू दे. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग लाकडी फूटपट्टी घेऊन नावांच्या रकान्यावर आडवी धरली आणि बुक माझ्याकडे फिरवलं. दुसऱ्याचं काम काय ते दिसलं, माणूस कोण ते दिसलं नाही. ही शिस्त तिला कुणी शिकवली असेल तर त्या माणसाला पक्षाने जरा वर आणावं.

रकाने असे: क्रमांक, तारीख, नाव, गाव, काम, कुणाकडे पाठवलं, काय झालं, कधी कळवलं. शेवटचे दोन रकाने मी पक्षाच्या कचेरीत कधी पाहिले नव्हते. आवक सगळीकडे असते. निवेदन घेतात, फोटो काढतात, फाइल होते. जावक कुठे असते? इथे होती. नळजोडणी, झाली, कळवलं. शाळेच्या वेळेला बस नाही, पत्र दिलं, उत्तर नाही, कळवलं. मतदार यादी पडताळणीत जुन्या यादीतलं आईचं नाव सापडत नाही, सापडलं, कळवलं. आणि मधेच एक नोंद: “मुलाच्या सरकारी नोकरीसाठी शिफारस हवी. देत नाही. परीक्षेची माहिती दिली.”

ही ओळ मी परत वाचली. गोव्यात मत आणि सरकारी नोकरी यांची गाठ किती घट्ट आहे ते बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. २०२४मध्ये नोकरीचं आमिष दाखवून लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, पोलिसांनी अटका केल्या, पेपरांचे रकाने महिनाभर त्यांनीच भरले. लोकांनी लाखांनी पैसे दिले, कारण पैशाने आणि ओळखीनेच काम होतं यावर त्यांचा विश्वास होता. विश्वास गेला, विश्वास गेला म्हणतात, पण तो असा उलट्या जागी जाऊन बसलाय. अशा वेळी निवडणूक जवळ आलेली असताना ‘देत नाही’ असं शाईने लिहून ठेवणारा पक्ष वेडा तरी असावा किंवा सुधारायला निघालेला. तो बाप परत आला का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, “रागावून गेले. पण मुलगा नंतर फॉर्म भरायला आला होता.”

दुसरी नोंद मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याची. प्रकरण कित्येक वर्षं तारखांवर तारखा घेत पडलेलं. शेरा होता: “वकिलांनी कागद बघितले. निकाल कधी लागेल सांगता येत नाही. तसं सांगितलं.” मुंडकार कायदा १९७५चा, शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारच्या काळातला. पंचायत क्षेत्रात घराखालची आणि भोवतालची मिळून ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा मुंडकाराला विकत घेता येते. कायदा होऊन आज पन्नास वर्षं झाली, तरी खटले चालूच आहेत, आणि दर निवडणुकीला कुणी ना कुणी ‘मुंडकारांचे प्रश्न सहा महिन्यांत’ असं छापून वाटतंच. मी स्वतः असे जाहीरनामे पंचायतीच्या टेबलावर पडलेले पाहिलेत, चहाचे ग्लास ठेवायला कामी यायचे. त्यामानाने ‘सांगता येत नाही’ ही कितीतरी जड ओळ आहे.

लोकांना ‘नाही’ सांगितलं की मतं जातात, हे पक्षवाले गृहीतच धरून चालतात. आमच्या घरातला अनुभव वेगळा. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, वेगळं राहायचं त्यांनी दोन पानांवर. आमचे बाबा फुलावाले. वेगळं राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मतं जास्त पडली आणि ज्या विलीनीकरणासाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला होता, तो मुद्दाच निकालात निघाला. यापेक्षा मोठा पराभव पक्षाचा काय व्हायचा? पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ३०पैकी १६ जागा घेऊन त्याच पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत. बाबांनी त्या वेळी या पक्षाच्या सिंहावर शिक्का मारला आणि का मारला ते आम्हाला मोठेपणी सांगायचे. कौल मोकळ्या वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने आधीच, १९६६च्या डिसेंबरात, खुर्ची सोडली होती. लोकांनी दिलेला निकाल मानला. आणि त्याआधी १९६४चा कूळ कायदा आला होता, गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या होत्या. बाबा कूळ. त्यांना विलीनीकरण मिळालं नाही, पण भाटकारापुढे ताठ उभं राहता आलं, आणि मी शाळेत गेले. ज्यांनी जानेवारीत भाऊसाहेबांच्या विरोधात मत दिलं, त्यांच्यातल्याही काहींनी मार्चमध्ये त्यांना दिलं असेल.

त्याच पक्षाचं पुढे काय झालं तेही सगळ्यांना माहीत आहे. २०१९च्या मार्चमध्ये उरलेल्या तीनपैकी दोन आमदार मध्यरात्री भाजपात विलीन झाले. विलीनीकरण शेवटी झालं म्हणायचं, फक्त भलत्याच ठिकाणी. (हा विनोद माझा नाही, त्या आठवड्यात फोंड्यात सगळे करत होते.)

केंद्रात मला खरा प्रश्न विचारायचा होता तो इथलाच. मुलीच्या शेजारी पक्षाचे एक जुने कार्यकर्ते बसतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. बुकाचं कौतुक करून झाल्यावर मी म्हटलं, “दादा, हे सगळं चांगलं. पण तुमचा माणूस निवडून आला आणि उद्या पलीकडे गेला, तर या बुकाचं काय करायचं?”

कायदा काय म्हणतो ते मला पाठ आहे, कारण आमच्याकडे तो दर दोन-तीन वर्षांनी उपयोगात येतो. पक्षांतरबंदी १९८५ला आली. तेव्हा एकतृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. २००३च्या दुरुस्तीने ते बंद झालं, पण दोनतृतीयांश मिळून ‘विलीन’ झाले तर आमदारकी वाचते. मोठ्या राज्यात दोनतृतीयांश जमवायला घाम गाळावा लागतो. गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत एका गाडीत बसवता येतात. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० गेले, बरोबर दोनतृतीयांश, ना एक कमी ना एक जास्त. मग २०२२ला त्या पक्षाने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला नेलं, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) नेलं, बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. ११ निवडून आले. जानेवारीत शपथ, १४ सप्टेंबरला ८ जण भाजपात. ११चे दोनतृतीयांश सात आणि वर थोडे, म्हणून ८ लागतात, तेवढेच गेले. हिशेबात आमचे आमदार कच्चे नाहीत.

मला त्या शपथांचा तेव्हाच राग आला होता. देवाला, खुरसाला, पिराला साक्षीला उभं केलं, पण ज्या माणसाने मत द्यायचं त्याच्या हातात काय दिलं? एक कागद नाही. आणि पक्ष तरी कुणाला शपथ देतोय? जो माणूस तिकिटाच्या आशेने आदल्या महिन्यात आला, तो पुढच्या महिन्यात जाणार यात आश्चर्य कसलं? अशी माणसं घेणारे तेच, तिकीट देणारे तेच, आणि गेल्यावर गद्दार म्हणून ओरडणारेही तेच.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरं सांगू? तिकिटाचं वरचे ठरवतात. आम्हाला यादी पेपरात कळते.” उत्तर प्रामाणिक म्हणून दादांना पूर्ण गुण. पक्षाला शून्य. खाली एवढं नीट बुक ठेवायचं आणि वर सगळ्यात मोठं काम बिननोंदीचं करायचं, हे चालायचं नाही. तालुक्यात वर्षानुवर्षं चपला झिजवणाऱ्या माणसाला आपला उमेदवार पेपरात वाचावा लागतो, आणि तोच माणूस दारोदार जाऊन ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणतो. आधी त्याच्यावर तर ठेवा.

मी म्हटलं, माझं काम बुकात घाला. मुलीला वाटलं मी थट्टा करतेय. नाही, म्हटलं, लिही: उमेदवार निवडताना तालुक्यातल्या सभासदांचं मत घेणार का, पक्षात किती वर्षं काढल्याशिवाय तिकीट देणार नाही, आणि एकदा सोडून गेलेल्याला परत घेणार का, याचं लेखी उत्तर हवं. तिने दादांकडे बघितलं, दादांनी मान हलवली आणि तिने लिहिलं. ‘कुणाकडे पाठवलं’ या रकान्यात ‘जिल्हा समिती’. मला क्रमांकाची चिठ्ठी दिली, जावेला दिली तशीच.

आता शनिवारचा प्रकार. जावेचा दाखला जमा झाला, पोच मिळाली, ती दाखवायला आम्ही शनिवारी परत गेलो. त्या दिवशी वरचे एक नेते येणार होते. रांग थांबवली. माणसं जिन्यावर उभी, खुर्च्या आतल्या खोलीत नेल्या, चहा आला तोही आत गेला. नेते आले, सगळ्यांना नमस्कार केला, माणूस वाईट वाटला नाही. पण त्यांच्याबरोबर मोबाइल घेऊन फिरणारा एक मुलगा होता. त्याने जावेच्या हातातली पोच बघितली आणि म्हणाला, “काकी, जरा ही साहेबांना देताना उभ्या राहा, म्हणजे साहेब तुम्हाला देतायत असा फोटो येईल.” म्हणजे दाखला तिचा, पायपीट तिची, हक्क तिचा, आणि फोटो यांचा. जाऊ बिचारी उभी राहायलाही निघाली होती. टेबलावरची मुलगी उठली आणि त्याला म्हणाली, “फोटो नको. नियम आहे इथला.” नियम होता की तिने तिथेच केला, देव जाणे. मुलाने मोबाइल खिशात घातला. नेत्यांनी ऐकलं नसावं, ते तोवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. ऐकलं असतं आणि तिची पाठ थोपटली असती, तर मी आणखी एक तारा दिला असता. परीक्षण एका पक्षाचं चाललंय, पण पक्ष त्या खोलीत दोन दिसले: एक टेबलामागे आणि एक मोबाइलमागे. पुढे कुठला उरतो त्यावर सगळं आहे.

तसं बघायला गेलं तर गोव्याचा मतदार फार दुष्ट नाही. पडलेल्याला उठू देतो. भाजप १९९४ला ४ जागांवर होता, २००७ला सत्ता मिळाली नाही, २०१२ला २१ झाल्या. पेट्रोल स्वस्त करू म्हणाले होते आणि सरकार आल्यावर महिन्याभरात लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास उतरवलं. पंपावर उभ्या असलेल्या माणसाला भाषण द्यावं लागलं नाही. मांडवीतल्या कॅसिनोंचं मात्र कुणाच्याच राज्यात काही हललं नाही, ते बुकात टाकलं तर ‘काय झालं’चा रकाना सगळ्यांचाच कोरा राहील. ‘आप’ला २०१७ला एकही जागा मिळाली नाही, तरी मंडळी दुकान बंद करून गेली नाहीत, २०२२ला दोन आल्या. उलट तृणमूल निवडणुकीच्या थोडेच महिने आधी मोठमोठे फलक घेऊन उतरली, घरटी कार्डं वाटली, शून्य. आणि आमच्या फोंड्यात २०२२ला निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेत ७६ मतांनी. सत्तर-पंच्याहत्तर मतं म्हणजे वाड्यावरची वीसेक घरं. एवढी माणसं वर्षभरात या जिन्यावरून सहज येऊन जात असतील. फक्त ती चढून येण्याइतकी धडधाकट असायला हवीत, म्हणून मी जिन्याचं एवढं लावून धरलंय.

चांगल्या-वाईटाचं उरलेलं पटकन सांगते. चहा मिळतो, गोड असतो. झेरॉक्सचे पैसे घेतात, बाहेरच्या दराने, पावती देतात, ते मला आवडलं, फुकट वाटणाऱ्यांची मला भीती वाटते. चतुर्थीला बाजाराची पिशवी देणार का असं एका बाईने माझ्यासमोर विचारलं. “यंदा नाही,” असं उत्तर मिळालं, ‘यंदा’ या शब्दाची गरज नव्हती. वकील शनिवारी सकाळी येतात, कागद नीट वाचतात, पण उशिरा येतात. व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे त्यात जाऊ नका, कामाची माहिती एक आणि गुड मॉर्निंग पन्नास. केंद्र त्या एका मुलीवर चाललंय. ती रजेवर असली की बुक कपाटात आणि किल्ली तिच्याकडे. दुसरं माणूस तयार केलं नाही तर तिचं लग्न ठरेल त्या दिवशी पक्षाचं पुनरुज्जीवन संपेल.

जावेचे पैसे पुढच्या महिन्यापासून सुरू झाले. मधल्या थकलेल्या महिन्यांचं अजून उत्तर नाही. बुकात ‘चालू’ असं लिहिलंय आणि मुलीने तसा फोनही केला.

हे एवढं लिहून पाचपैकी तीन तारे दिले होते. टाकायच्या आधी माझ्या क्रमांकाचं उत्तर आलं, म्हणून वाढवून लिहिते. जिल्हा समितीचं पत्र आहे, सहीचं, तारखेचं. सभासदांचं मत घेणार, असं कळवलंय. किती वर्षं पक्षात असावं लागेल त्यावर ‘विचाराधीन’. सोडून गेलेल्यांना परत घेणार का, या प्रश्नाचा पत्रात उल्लेखच नाही. मी केंद्रात जाऊन दाखवलं. मुलीने बुक काढलं, ‘काय झालं’च्या रकान्यात ‘अर्धवट उत्तर’ असं लिहिलं आणि तिसरा प्रश्न नव्या क्रमांकाने परत वर पाठवला. अर्धा तारा त्याचा, म्हणजे साडेतीन. उरलेला दीड उमेदवारांची यादी लागेपर्यंत माझ्याकडे.